अँब्युलन्स गेटवर पोचेपर्यंत : सोसायटीत सीपीआरची तयारी कशी करावी?

कट्टेकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये (ठाणे, चार विंग, सात मजले, लिफ्ट जेमतेम चार माणसांची) मागच्या रविवारी सीपीआरचं (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं) प्रात्यक्षिक झालं. शिकवायला एक भूलतज्ज्ञ बाई आल्या होत्या, सोबत दोन पुतळे. छाती कशी दाबायची याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, तेवढ्यासाठी धागा काढला नसता. पण बाईंनी आमच्या इमारतीबद्दल जे विचारलं त्याने कमिटीसकट सगळे गप्प झाले.

आधी थोडं मूळ विषयाचं. हार्ट अ‍ॅटॅक आला म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही. अ‍ॅटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दडपतं, दरदरून घाम येतो, तो बोलतो. त्याला बसवायचं, चालवायचं नाही, लगेच १०८. त्याची छाती दाबायची नाही! कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच थांबतं. माणूस काही सेकंदांत कोसळतो, खांदे गदागदा हलवले तरी ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही. सीपीआर द्यायचा तो इथे. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं, म्हणून अ‍ॅटॅकवाल्याजवळून हलायचं नाही.

आता बाईंचे प्रश्न. रात्री अडीचला सी विंगच्या सातव्या मजल्यावर कोणी कोसळलं. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. आजी छाती दाबणार की १०८ शी बोलणार की दार उघडायला जाणार? मागचं गेट रात्री बंद असतं, त्याची किल्ली कोणाकडे? अँब्युलन्सवाल्याला सी विंग कोण दाखवणार? तो वर येईल तेव्हा लिफ्ट खाली थांबलेली असेल की पाचव्या मजल्यावर? आणि शेवटचा : लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का?

टेप आणून मोजलं. मावत नाही.

तुमच्याकडे असलं काही ठरवलंय का? एईडी मशीन (थांबलेल्या हृदयाला गरज असेल तर शॉक देणारं) घ्यायचा विषयही निघालाय आणि त्यावरून कमिटीत सरळ दोन तट पडलेत.

टपरीवरचा_चहा

धागा वाचून उठलो आणि आमची लिफ्ट मोजून आलो. आमचीही तीच गत. एक शंका : छाती दाबताना बरगडी मोडली तर? आमच्याकडचे शेजारी हाडं मोडल्याची तक्रार करायला कमी करणार नाहीत.

भूलभुलैया

मीही भूलतज्ज्ञ, पण ठाण्याच्या त्या बाई मी नव्हे. :)

@टपरीवरचा_चहा, बरगड्या मोडतात. वयस्क माणसात तर बरेचदा. पहिल्या काही दाबांतच हाताखाली कट् असा आवाज होतो आणि शिकवलेलं नसेल तर माणूस दचकून हात काढून घेतो. हात पुन्हा छातीच्या मधोमध आहेत ना ते बघा आणि चालू ठेवा. बरगडी पुढे भरून येते. रक्त न मिळालेल्या मेंदूचं तसं नसतं. मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते.

आता लोक हमखास कुठे फसतात ते सांगते. कोसळलेला माणूस कधीकधी 'श्वास घेतोय' असं दिसतं. तोंड उघडतं, जबडा हलतो, घशातून घर्र असा आवाज येतो, मग कितीतरी वेळ काही नाही, की पुन्हा एकदा. पाण्याबाहेर काढलेला मासा करतो तसं. हा श्वास नव्हे. मेंदूच्या तळाशी उरलेली ती शेवटची धडपड असते. घरचे म्हणतात, "अहो, श्वास चालू आहे, थोडं पाणी पाजा." तिथेच मिनिटं जातात. कोणी झटके दिल्यासारखे हातपाय हलवतो, मग त्याला फिट समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. नियम सोपा ठेवा : ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर दाबायला सुरुवात करा. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात.

पलंगावर असेल तर खाली जमिनीवर घ्या. गादीवर तुम्ही दाबाल ते गादीच खाईल. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. दंडाने दाबाल तर अर्ध्या मिनिटात दमाल, कमरेतून वजन टाका. मोठ्या माणसाची छाती पाच सेंटीमीटर तरी आत गेली पाहिजे, सहाच्या पुढे नको. मिनिटाला १०० ते १२०. आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, रेलून राहू नका. ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं. रिकामं हृदय कितीही दाबलं तरी पुढे काय जाणार? मोठ्याने आकडे मोजा. लय राहते, आणि पुढचा माणूस कधी बसायचं ते त्याला कळतं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलो नाही असं वाटलं तरी बदला, कारण दाब उथळ झालेला दाबणाऱ्याला कळत नाही.

तोंडाने श्वास द्यायचा की नाही, हे पुढचं कोणीतरी विचारेलच. शिकलेला असाल तर तीस दाबांनंतर दोन श्वास. शिकलेला नसाल किंवा मन धजत नसेल तर नुसतं दाबत राहा. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो, तो मेंदूपर्यंत पोचवणं हे पहिलं काम. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य लोकांसाठी २०१७ मध्ये नुसत्या दाबाचीच पद्धत आखली, तिला कोल्स म्हणतात. ठाण्यात बहुतेक तीच शिकवली असणार.

कट्टेकरी

हो, कोल्सच. आणि गुडघ्यांबद्दल कोणी बोलत नाही! टाइल्सवर दोन मिनिटांत गुडघे बोलायला लागले. बाई म्हणाल्या, खऱ्या वेळी लक्षातसुद्धा येणार नाही.

निवृत्त_मास्तर

उपयुक्त धागा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर दर महिन्याला एक संदेश फिरतो : एकटे असताना हार्ट अ‍ॅटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहतं. दुसरा, सॉर्बिट्रेटची गोळी सदैव खिशात ठेवा आणि छातीत दुखलं की जिभेखाली. तिसरा, सुईने दहाही बोटांची टोकं टोचून रक्त काढा. यात तथ्य किती?

भूलभुलैया

मास्तर, तिसऱ्यात शून्य. पहिला संदेश अर्धवट ऐकीव माहितीवर उभा आहे. कॅथलॅबमध्ये (रुग्णालयात अँजिओग्राफी करतात तिथे), मॉनिटर लावलेला असताना, ठोका बिघडताना दिसला तर डॉक्टर रुग्णाला क्वचित खोकायला सांगतात. घरी एकट्याने याच्या भरवशावर राहायचं नाही. हृदय थांबलं की शुद्ध जाते, बेशुद्ध माणूस खोकणार कसा? आणि शुद्धीवर असाल तर तो वेळ फोन करायला, दाराची कडी काढायला आणि दाराजवळ खाली बसायला वापरा. कडी काढणं विसरू नका, दार फोडण्यात फार वेळ जातो.

सॉर्बिट्रेट ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याने घ्यावी. ती रक्तदाब उतरवते. आधीच दाब पडलेल्या माणसाला शेजाऱ्याने आपल्या डबीतली गोळी दिली तर बसलेला माणूस आडवा होतो. अ‍ॅस्पिरिनचं वेगळं : शुद्धीवर असलेल्या, छातीत दुखणाऱ्या माणसाला ३०० मिलिग्रॅम चावून खायला देतात, पण अ‍ॅलर्जी, रक्तस्राव, अल्सर नसेल तर, आणि १०८ ला फोन लावून झाल्यावर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. गोळी नाही, पाणी नाही, गंगाजलही नाही.

बांधावरचा

तुमचं सगळं शहरातलं चाललंय. आमच्याकडे (सातारा जिल्हा) छातीत दुखून कोसळण्याइतकीच भीती शॉकची. पावसाळ्यात मोटर चालू करायला गेलेला माणूस स्टार्टरच्या पेटीला चिकटतो. मागून आलेला भाऊ त्याला ओढायला जातो आणि दोघंही जातात. म्हणून आधी मेन स्विच पाड. पेटीच भिजलेली असेल तर तिलाही हात लावू नको, डीपीवरून वायरमनला लाइन बंद करायला लाव. वरची मोठी तार तुटून पडलेली असेल तर जवळच जायचं नाही. एकदा वीज गेली की अंगात करंट राहत नाही, मग खुशाल हात लाव आणि श्वास बघ. लोक तेव्हाच घाबरून लांब उभे राहतात, आणि दाबायची वेळ तीच असते.

विचारायचंय ते हे : १०८ तालुक्याहून यायला अर्धा-पाऊण तास लागतो. वाट बघायची की पिकअपमध्ये टाकून न्यायचं?

भूलभुलैया

@बांधावरचा, विजेचं अगदी बरोबर मांडलंत. शॉकमध्ये माणूस बहुधा तरुण असतो, हृदय मुळात धडधाकट असतं, त्यामुळे लगेच सुरुवात केली तर हाती लागण्याची आशा बरी.

गाडीचं उत्तर पुस्तकी देता येत नाही. शहरात मी म्हणेन जागेवरच करा, हलवू नका, कारण उचलताना, जिन्यात, गाडीच्या मागच्या सीटवर दाब थांबतो किंवा नावापुरता होतो. पण गाडी खरोखरच तासभर येणार नसेल तर आधी जागेवर नेटाने करा. दरम्यान एकाने १०८ ला विचारावं की गाडी कुठे आहे, वाटेत गाठता येईल का. न्यायचंच ठरलं तर कारपेक्षा पिकअपचा हौदा बरा : माणूस उताणा मावतो, बाजूला गुडघे टेकता येतात. दोघं दाबायला, एकजण त्यांना धरायला, आणि ड्रायव्हरने शर्यत लावायची नाही. जवळचं म्हणजे कुठलंही नव्हे, शॉकचं मशीन असलेलं रुग्णालय. ते तुमच्या भागात कुठे आहे हे आजच विचारून ठेवा.

रानजाई

बांधावरच्यांनी विजेचं लिहिलं, मी पाण्याचं लिहिते. माहेर दापोलीजवळ. सुट्टीत किनाऱ्यावर बुडण्याचे प्रकार होतात आणि बाहेर काढल्यावर पहिला उद्योग काय, तर पोट दाबून पाणी काढणं, नाहीतर पोराला पाय धरून उलटं करणं. हे करायचं नसतं असं आम्हाला जीवरक्षकाने सांगितलं. पोट दाबलं की खाल्लेलं वर येऊन श्वासनळीत जातं. शिवाय बुडालेल्या माणसाचा प्राणवायू आधी संपलेला असतो, म्हणून तिथे नुसतं दाबणं पुरत नाही. आधी तोंडाने श्वास, मग दाब, मग पुन्हा श्वास. बरोबर ना भूलताई?

भूलभुलैया

शंभर टक्के. लहान मुलांनाही तेच लागू, त्यांचं हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळे थांबतं. मुलांत छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश आत दाबायचं. तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी धरून दोन अंगठ्यांनी.

साशंक

सगळं ठीक. पण खरं सांगा, आपल्याकडे सीपीआर देऊन किती जगतात? ट्रॅफिक बघा, रस्ते बघा. लोकांना खोटी आशा लावण्यात काय हशील?

वायकिंग_वहिनी

@साशंक, मी डेन्मार्कमध्ये राहते. इथेही पूर्वी चित्र काही फार उजळ नव्हतं. २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी २१ टक्के लोकांनाच आजूबाजूच्या माणसांकडून सीपीआर मिळायचा, आणि महिनाभराने जिवंत असायचे साडेतीन टक्के. मधल्या काळात शाळेत सीपीआर सक्तीचा केला, ड्रायव्हिंग लायसन्स काढायला प्रथमोपचाराचा वर्ग सक्तीचा केला. २०१० मध्ये सीपीआर मिळणारे ४५ टक्के झाले आणि जगणारे जवळपास ११ टक्के. अँब्युलन्सची सेवा आणि रुग्णालयातले उपचारही सुधारले, सगळं श्रेय छाती दाबणाऱ्यांना नाही. पण ११ टक्के म्हणजेही दहातले नऊ जातातच, ते इथे कोणी लपवत नाही.

२०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनच्या मैदानात आमचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना कोसळला, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल. सीपीआर आणि एक शॉक, आणि मैदानाबाहेर नेताना तो शुद्धीवर होता. पुढे छातीत यंत्र बसवून पुन्हा फुटबॉल खेळायला लागला. आमच्या घरी तेव्हा सासूबाई भारतातून आलेल्या. त्यांचा पहिला प्रश्न : "त्याला पाणी का नाही देत?"

साशंक

आकडे पटले. ट्रॅफिकचा मुद्दा मात्र सोडत नाही.

सेफ्टीवाला

चाकणला कारखान्यात सेफ्टी बघतो. आमच्याकडे एईडी भिंतीवर आहे, म्हणून कट्टेकरींच्या दोन तटांसाठी लिहितो.

मशीन चालू केलं की ते बोलायला लागतं. एक पॅड उजव्या कॉलरबोनच्या खाली, दुसरं डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर, चित्र पॅडवरच असतं. छाती ओली असेल तर पुसा. मशीन स्वतः ठोका तपासतं आणि गरज असेल तरच शॉक देतं, त्यामुळे 'चुकून दिला तर' ही भीती काढून टाका. टीव्ही मालिकांत सरळ रेघ आली की शॉक देतात ना, तसं नसतं. रेघ सरळ असेल तर मशीन शॉक देत नाही, दाबत राहा म्हणतं. शॉक हा हृदय नुसतंच थरथरत असतं तेव्हा, ती थरथर मोडण्यासाठी. शॉकच्या क्षणी कोणी अंगाला हात लावायचा नाही, आणि शॉक झाल्या झाल्या परत छातीवर. इथेच सगळे "उठतोय का" म्हणून बघत थांबतात.

किंमत साधारण लाखाच्या आसपास. पण घेतल्यावर विसरू नका. पॅडना एक्सपायरी असते, बॅटरीचा हिरवा दिवा कोणीतरी महिन्याला बघावा लागतो. आणि हात जोडून विनंती : कपाटाला कुलूप लावून किल्ली सेक्रेटरीकडे ठेवू नका. सेक्रेटरी मे महिन्यात गावाला जातो.

टपरीवरचा_चहा

>>सेक्रेटरी मे महिन्यात गावाला जातो
हे आमच्या सोसायटीला बघून लिहिलंय का?

रानजाई

एक अवघड विषय. बाई कोसळली तर बघे पुरुष हात लावायला कचरतात. परदेशातल्या अभ्यासांतही सार्वजनिक जागी बायकांना सीपीआर कमी मिळतो असं दिसलंय, मग आपल्याकडे तर बोलायलाच नको. नुसत्या दाबासाठी कपडे काढायची गरज नाही, साडीच्या पदरावरून दाबता येतं. पॅड मात्र उघड्या त्वचेवरच लागतात. ब्लाऊज कात्रीने कापायचा, मंगळसूत्र पॅडखाली येत असेल तर बाजूला सारायचं, तोडत बसायचं नाही. चार जणींनी पाठ करून ओढण्या धरून उभं राहायचं. हे प्रात्यक्षिकात मोठ्याने बोलून घ्या, तिथे लाजून चालत नाही. पुतळे सगळीकडे पुरुषाचेच असतात हेही आहेच.

कोर्टकज्जे

टपरीवाल्यांच्या तक्रारखोर शेजाऱ्यांसाठी : गुड समॅरिटन म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं. ते रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यापुरतं आहे. घरात किंवा बागेत कोसळलेल्या माणसाला ते थेट लागू नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरो. पण माणूस संमती द्यायच्या स्थितीत नसताना त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे. जुन्या भारतीय दंड विधानात ते ९२ होतं. बरगडी मोडली म्हणून फौजदारी होण्याची धास्ती त्यामुळे धरू नये.

उंबरठा

जरा वेगळा प्रश्न विचारते, राग मानू नका. माझ्या आईला शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर आहे, घरीच आहे. हा धागा वाचल्यापासून सारखं वाटतंय, तिचं हृदय थांबलं तर मी हे सगळं करायचं का?

भूलभुलैया

उंबरठा, राग कसला. बरं झालं विचारलंत. सीपीआर अचानक बंद पडलेल्या हृदयासाठी आहे. आजार शेवटाला आलेला असतो तेव्हा हृदय सगळ्यात शेवटी थांबतं, आणि ते दाबून आजार मागे जात नाही. बरगड्या मोडणं, नळ्या, आयसीयू एवढंच वाट्याला येऊ शकतं. न करणं हा निष्काळजीपणा नव्हे.

पण हे त्या क्षणी ठरवायचं नसतं. आई बोलण्याच्या स्थितीत असेल तर तिलाच विचारा, तिच्या डॉक्टरांशी बोला, घरातल्या सगळ्यांच्या कानावर घाला. नाहीतर तुम्ही शांतपणे हात धरून बसाल आणि पुण्याहून आलेला भाऊ १०८ बोलावेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलंय आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केलीय. तुमच्या भागात पॅलिएटिव्ह केअरची (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी) टीम असेल तर त्या लोकांना हे बोलणं जमतं, त्यांची मदत घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

उंबरठा

मिळाला. आभार.

निवृत्त_मास्तर

भूलताईंच्या या प्रतिसादाला अनुमोदन. माझं मी लिहून ठेवतो आता.

कट्टेकरी

काल कमिटीची मीटिंग झाली. काय ठरलं ते टाकतो.

वॉचमनच्या केबिनमध्ये एक कागद लावलाय. त्यावर १०८ ला सांगायचा पत्ता तोंडाने सांगतात तसा : रस्ता, जवळची शाळा, कुठल्या गेटने आत यायचं. फोन स्पीकरवर ठेवायचा, समोरचा ठेवत नाही तोवर ठेवायचा नाही. १०८ ची सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली, राज्य केवढं आणि गाड्या किती, तेव्हा साशंक यांचा मुद्दा धरून जवळच्या दोन खासगी अँब्युलन्सचे नंबरही खाली लिहिलेत. मागच्या गेटची एक किल्ली केबिनमध्येच खिळ्याला. फोन आला की वॉचमनने गेट उघडायचं, लिफ्ट तळमजल्यावर आणून दारात खुर्ची लावायची. प्रत्येक विंगमधून शिकलेल्या चौघांचे नंबर, आणि ते रात्री फोन सायलेंटवर ठेवणार नाहीत. स्ट्रेचरऐवजी प्रत्येक विंगच्या तळमजल्यावर हँडलवाली जाड कापडी झोळी, जिन्यातून सहाजणांनी धरून उतरवायची. ती रिकामी उतरवून बघितली, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सायकली आड आल्या. सायकली हलवण्यावरून मीटिंग अर्धा तास लांबली, एईडीवर दहा मिनिटं बोललो.

मशीन घ्यायचं ठरलंय. कपाट केबिनच्या बाहेर, कुलूप नाही, उघडलं की भोंगा वाजणारं.

सेफ्टीवाला

झकास. एकच : वॉचमन एजन्सीचा असेल तर दर थोड्या महिन्यांनी बदलतो. कागद हिंदीतही लावा, आणि नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्याकडून गेट उघडून लिफ्ट खाली आणून घ्या.

कट्टेकरी

आमचा या एक तारखेलाच बदलतोय. घेतो करून.